वाथिया : मानीच्या टोकावरच्या मनोऱ्यांपर्यंत पोहोचताना

वाथिया पाहायला तिकीट लागत नाही. तिथे फाटक नाही, पहारेकरी नाही की वेळेचा फलक नाही. जे काही सोपस्कार आहेत ते सगळे त्या रस्त्याला लागण्यापूर्वीचे आहेत, आणि माझा बहुतेक वेळ त्यांतच गेला. ग्रीसच्या दक्षिणेला पेलोपोनीजची तीन चिंचोळी टोके समुद्रात शिरतात. त्यांपैकी मधले टोक म्हणजे मानी, आणि त्याच्या जवळजवळ शेवटाशी, एका टेकडीच्या माथ्यावर, दगडी मनोऱ्यांचे हे गाव उभे आहे.

ग्रीससह युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची कागदपत्रे सर्वांच्या परिचयाची आहेत, म्हणून त्यांचा पाढा वाचत नाही. परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने वैध असलेला पासपोर्ट, 30,000 युरोंचे संरक्षण देणारा प्रवास-विमा आणि 90 युरो शुल्क या मुख्य गोष्टी. मला अधिक महत्त्वाचा वाटला तो दुसरा कागद, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. मानीत गाडीशिवाय भागत नाही. अथेन्सहून स्पार्टी आणि गिथिओमार्गे अरेओपोलीपर्यंत बस जाते, परंतु त्यापुढच्या फेऱ्या इतक्या थोड्या आहेत की त्यांच्या भरवशावर दिवस आखता येत नाही. भारतीय परवानाधारकाला ग्रीसमध्ये मूळ परवान्यासोबत हा आंतरराष्ट्रीय परवाना दाखवावा लागतो. तो आपल्या आरटीओतून मिळतो, त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते, आणि अर्थातच तो भारतातून निघण्यापूर्वी काढावा लागतो. गाडी भाड्याने घेताना आणखी दोन गोष्टी आधी विचारून घेतलेल्या बऱ्या: अनामत रकमेसाठी गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड लागते का, आणि स्वयंचलित गिअरची गाडी मिळेल का. तिकडे हाताने गिअर टाकायच्या गाड्या अधिक असतात, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने जाण्याची सवय होत असताना उजव्या हाताने गिअर टाकण्याची कसरत कमी केलेली चांगली.

अथेन्स ते अरेओपोली हा जेमतेम 300 किलोमीटरचा प्रवास. कोरिंथ, त्रिपोली, स्पार्टीपर्यंत टोलचा उत्तम महामार्ग आहे. पुढे रस्ता अरुंद होत जातो. आम्ही मुक्काम अरेओपोलीला ठेवला, कारण बँक, पेट्रोल आणि किराणा यांची खात्री तिथेच आहे. 17 मार्च 1821 रोजी पेत्रोबे माव्रोमिखालिस याच्या नेतृत्वाखाली मानीच्या लोकांनी ऑटोमन सत्तेविरुद्ध झेंडा उभारला तो याच गावात. उरलेला ग्रीस स्वातंत्र्यदिन 25 मार्चला साजरा करतो, आणि आपण आठवडाभर आधी उठलो होतो याचा अभिमान इथल्या लोकांना आजही आहे.

सकाळी टाकी भरून दक्षिणेला निघालो. किता गावाचे मनोरे मागे पडले, गेरोलिमेनासचे छोटे बंदर लागले, आणि तिथून सुमारे 10 किलोमीटर चढल्यावर एका वळणानंतर वाथिया एकदम समोर आले. गाडी रस्त्याच्या कडेला लावून पायवाटेने वर जायचे. वाटेच्या दोन्ही अंगांना फड्या निवडुंगाची बेटे आहेत आणि पायाखाली सुटे दगड, त्यामुळे चप्पल घालून येणे टाळावे.

दुरून दाट वाटणाऱ्या या गावात चालू लागल्यावर मनोऱ्यांमधले अंतर अस्वस्थ करते. एका खिडकीतून मारलेला दगड सहज समोरच्या खिडकीत जाईल, इतके ते जवळ आहेत. आणि त्या खिडक्या तरी कसल्या, बंदुकीची नळी मावेल एवढ्या फटी. एका मनोऱ्याच्या दाराशी मी बराच वेळ थांबले. दार इतके बुटके की आत जाणाऱ्याने मान खाली घालूनच शिरावे, आणि नेमके त्याच्या वर, भिंतीबाहेर काढलेल्या दगडी आधारांवर, तळाला उघडी असलेली चौकट, जिच्यातून खाली उभ्या असलेल्या माणसावर उकळते पाणी किंवा तेल ओतता येई. आतले मजले कोसळलेले होते, पण तुळयांच्या खोबणी भिंतीत दिसत होत्या. मजल्यामजल्याला झडप असे, आणि वर गेल्यावर शिडी ओढून घेतली जाई.

हा सगळा बंदोबस्त परक्या शत्रूपेक्षा शेजाऱ्यासाठी अधिक होता. आपल्याकडे भावकीचे वैर बांध कोरण्यापासून कोर्टापर्यंत जाते. मानीत ते समोरच्या घराण्याचा मनोरा जमीनदोस्त होईपर्यंत चाले. मुलग्यांना ‘बंदुका’ म्हणत. ऑलिव्हच्या तोडणीसारख्या कामांसाठी तह होई, आणि बायकांवर सहसा गोळी चालवली जात नसल्यामुळे अन्न आणि दारूगोळा पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडे असे. 1805 मध्ये या भागात फिरलेल्या विल्यम मार्टिन लीक या इंग्रज अधिकाऱ्याने वाथियातील सुमारे 40 वर्षे चाललेल्या वैराची आणि त्यात पडलेल्या शंभरेक बळींची नोंद केली आहे. गाव केवढे लहान आहे हे पाहिल्यावर तो आकडा अंगावर येतो.

1975 नंतर ग्रीसच्या पर्यटन संस्थेने जुन्या वसाहती जतन करण्याच्या योजनेत वाथिया घेतले आणि काही मनोरे दुरुस्त करून त्यांत अतिथिगृहे चालवली. ती पुढे बंद पडली. माझ्या मते दुरुस्तीचे काम संयमाने झाले आहे. मात्र रिकाम्या घराला दुरुस्तीपेक्षा वहिवाट टिकवते, हे कुलूपबंद दारांवरून दिसते. अनेक मनोरे खासगी मालकीचे आहेत आणि पडक्यांचे दगड हलतात, म्हणून उघडे दिसले तरी आत शिरू नये. बाहेरून पुरेसे दिसते.

वाथियाला दुकान किंवा पाणी मिळेलच असे धरून चालू नये. दिवस हाताशी असेल तर तसेच पुढे तेनारो भूशिरापर्यंत जावे: रस्ता संपतो तिथून सुमारे 2 किलोमीटर चालल्यावर 1882 चा दीपस्तंभ लागतो, आणि वाटेत रोमन काळातील एका घराची खड्यांची नक्षीदार जमीन उघड्यावर पाहायला मिळते. सावली कुठेच नाही. टोपी आणि माणशी दीड लिटर पाणी घ्यावे, आणि परतताना गेरोलिमेनासपर्यंतची वळणे उजेड असतानाच उतरावीत, कारण त्या रस्त्यावर दिवे नाहीत आणि शेळ्या मात्र आहेत.