समोरचा वाकडा पाइप

"सकाळी स्टीअरिंग एका बोटाने फिरतं हो, पण आंबा घाट चढून वर आलो की दोन्ही हात लावून ओढावं लागतं." रत्नागिरीच्या काकांनी गाडीतून उतरता उतरता एवढं सांगितलं आणि माझं निम्मं काम तिथेच हलकं झालं. गिऱ्हाईक गाडीचा आजार इतका नेमका सांगतं असं क्वचितच होतं. बहुतेकांचं आपलं "काहीतरी आवाज येतोय, बघा जरा."

गाडी नव्वदच्या दशकातली, परदेशी कंपनीची पण इथेच जोडलेली. कंपनीने भारतातला गाशा केव्हाच गुंडाळलाय, त्यामुळे पार्ट मिळणं म्हणजे नशिबाचा खेळ. पॉवर स्टीअरिंग तेलावर चालणारं. हल्ली छोट्या गाड्यांत सगळीकडे मोटर आली, तेलाचं नाव नाही. माझ्या हाताखालच्या पोरांनी असला पंप उघडलेलाही फारसा पाहिलेला नाही.

काका आधी पंप बदलून आले होते. त्याला वर्षही झालं नव्हतं, तोवर नवा पंपही जुन्यासारखाच कण्हायला लागला. मग दुसऱ्या एका गॅरेजने रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दात्यांची यंत्रणा, गेली म्हणून सांगितलं आणि आकडा असा सांगितला की काका गाडी विकायच्या विचारात होते.

मी इंजिन चालू ठेवून एसी लावला, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना फिरवत ठेवलं आणि तापू दिलं. तापल्यावर आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, स्टीअरिंग जड, जरा रेस दिली की हलकं. स्टीअरिंगचं तेल साठवणारी बाटली उघडली तर तांबडं असायला हवं ते तेल काळपट, आणि वास करपलेला. तापमानाची गन बाटलीच्या प्लास्टिकवर धरली तर 100 अंशांच्या वर. प्लास्टिकवर 100, म्हणजे आतलं तेल त्याहून गरम.

स्टीअरिंगच्या तेलाला थंडावा कशाला लागतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. तुम्ही वळा अथवा वळू नका, तो तेल ढकलतच राहतो. चाक पूर्ण वळवून धरलं की तेलाला जायला वाट उरत नाही, प्रेशर चढतं आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल पंपाच्या आतल्या आत घुमत राहतं. 80 बार प्रेशरला मिनिटाला 7 लिटर तेल असं घुमलं, तर त्याची उष्णता होते जवळजवळ 900 वॉट, घरातल्या इस्त्रीएवढी. आणि ती सगळी पडते जेमतेम लिटरभर तेलावर. म्हणून पार्किंगमध्ये चाक पूर्ण वळवून धरून बसू नका म्हणतात. पाच सेकंदसुद्धा पुष्कळ झाले. घाटात तर हळू वेग, सारखी वळणं, समोरून वारा कमी, शेजारी तापलेलं इंजिन. तेल तापलं की पातळ होतं, पंपाच्या फटींतून मागे सरकतं, आणि आयडलला पंप हळू फिरत असल्याने प्रेशर धरत नाही. रेस दिल्यावर हलकं होत होतं ते यामुळेच. रॅक खराब असेलही, पण तेल एवढं तापतंय का हे आधी कळायला हवं.

गाडी खड्ड्यावर घेतली. रॅकमधून परतीचा रबरी पाइप निघतो तो थेट बाटलीला जोडलेला. सरळ, आखूड, दिसायला स्वच्छ काम. मी पुढे सरकलो. गाडीच्या नाकाशी एसीची जाळी असते, कंडेन्सर, त्याच्यासमोर खालच्या पट्टीवर दोन छोट्या क्लिपा होत्या, त्यांत वाळून तडकलेली रबरं, आणि त्या रबरांमध्ये काहीच नाही. रिकाम्या क्लिपा कंपनी लावत नाही.

"काका, पुढच्या बाजूने कधी तेल गळत होतं का?"

"गळत होतं ना! पाइप गंजून गेला होता. आमच्याकडच्या एकाने काढूनच टाकला. म्हणाला, उगीच लांबचा फेरा आहे हा, सरळ जोडतो."

तो उगीच लांबचा फेरा म्हणजेच कूलर. परतीचं तेल बाटलीत जायच्या आधी लोखंडी पाइपातून गाडीच्या पुढ्यात नेतात, यू आकारात वळवतात आणि वाऱ्यावर थंड करून परत आणतात. त्याला ना जाळी, ना पंखा, त्यामुळे कोणी ओळखत नाही. चिखल आणि कोकणातली खारी हवा दोन्ही पहिल्यांदा त्यालाच खातात. ज्याने काढला त्याला मी फार दोष देणार नाही. पार्ट मिळत नव्हता, गळती थांबली, गिऱ्हाईक खूश. माझा राग त्याने लावलेल्या रबरी पाइपावर आहे.

तो पाइप उभा चिरला. बाहेरून नवा, आतून फुगून पापुद्रे सुटलेले. रेडिएटरच्या पाण्याचा पाइप होता तो. त्याचं रबर पाण्याला वर्षानुवर्षं दाद देत नाही, पण तेलात फुगतं. त्यात तेल एवढं तापलेलं. बाटली काढून पालथी केली, बॅटरी मारली, तर तळाची जाळी काळ्या कणांनी लिंपलेली. पंपाला तेल मिळतच नव्हतं, म्हणून तो कण्हत होता. नवा पंप बसवताना कुणीतरी बाटली बाहेरून छान पुसली होती, आत कोणी पाहिलं नव्हतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन 10 मिलिमीटरचा सीमलेस पाइप बेंडरवर वळवून आणला. तांब्याचा स्वस्तात, लगेच मिळत होता, पण तांबं थरथरीने कडक होऊन चिरतं. दोन्ही टोकांना मणी, म्हणजे उंचवट्याची कड, उठवून घेतला, नाहीतर रबर घसरतं. जुन्या क्लिपांत नवी रबरं घालून पाइप बसवला आणि जोडायला तेलाचाच होस घेतला. परतीच्या बाजूला साधी स्क्रू-क्लिप चालते. प्रेशरच्या बाजूला ती लावणारा माणूस मला माझ्या गॅरेजात नको.

पुढची चाकं उचलून, परतीची लाइन डब्यात सोडून, स्वच्छ लाल दिसेपर्यंत नवं तेल वाहू दिलं. तेल टोपणावर लिहिलेलंच, एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. इथे ब्रेक ऑइल ओतणारेही मी पाहिलेत; त्याने सगळे सील फुगून जातात. मग इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत हवा काढली. पोरांना याचाच कंटाळा येतो.

वाघबीळवरून पन्हाळ्याला गेलो, भर दुपारी, एसी लावून. वर पार्किंगमध्ये मुद्दाम पुढेमागे करत गाडी फिरवली. बाटलीवर गन धरली तर 80 च्या आत. आयडललाही स्टीअरिंग हलकं होतं आणि पंप गप्प. रॅकला हात लावायची गरजच पडली नाही.

काकांनी निघताना डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना पंप काढला. खराब म्हणून बदललेला, पण टाकवला नव्हता. मी टेबलावर उघडून पाहिला. पाती बरी, आतल्या रिंगेवर फारसा घासारा नाही, फक्त शाफ्टचा सील कडक झालेला. सील बदलून त्यांच्या हातात परत दिला.

"म्हणजे हा चांगलाच होता?"

"हो."

काकांनी तो पुन्हा त्याच वर्तमानपत्रात गुंडाळला आणि नव्या पंपाची पावती पाकिटातून काढून बराच वेळ वाचत बसले.