पास १७ नोव्हेंबरपर्यंत आहे

१ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

पाच दहाला जाग आली. गजर लावलेला नव्हता. उठून कणीक मळली, भाजी फोडणीला टाकली, दोन डबे भरले. दुसऱ्या डब्याचं झाकण लावताना लक्षात आलं की हा आज कुठेच जायचा नाही. ह्यांचा डबा ह्यांच्या हातात दिला. माझा ओट्यावरच राहिला. दुपारी तोच उघडून जेवले. ताटात वाढून घ्यावंसं वाटलं नाही.

काल शेवटचा दिवस होता. लॅपटॉप, ओळखपत्र, ड्रॉवरची किल्ली, एकेक वस्तू जमा केली आणि सह्या केल्या. अठ्ठावीस वर्षं, एकच कंपनी, एकच अकाउंट्स खातं. १९९६ साली लागले तेव्हा व्हीटी स्टेशनचं नुकतंच सीएसटी झालं होतं, पण सगळे व्हीटीच म्हणायचे. मी अजूनही म्हणते.

मला कुणी काढलं नाही, कुणाशी वाजलंही नाही. मार्चचं क्लोजिंग संपलं त्या रात्री लोकलमध्ये ठाण्याच्या पुढे उभं राहवेना, दाराजवळ खालीच बसले. घरी आल्यावर हिशेब मांडला. जाऊन-येऊन रोज अडीच तास, वर्षाचे दोनशे चाळीस दिवस, टाळेबंदीतली दोन वर्षं वजा केली तरी पंधरा हजार सहाशे तास. म्हणजे अख्खे साडेसहाशे दिवस मी गाडीत काढले. जुलैच्या पहिल्या तारखेला राजीनामा दिला. लेकीचं शिक्षण झालंय, घराचं कर्ज फिटलंय, एवढं जमून आलं म्हणून देता आला, हेही खरं. माझ्या बरोबरीच्या कितीजणींना हे शक्य नाही, ते मी जाणून आहे.

पर्समध्ये लोकलचा पास तसाच आहे, तिमाही, १७ नोव्हेंबरपर्यंतचा. ऑगस्टमध्ये खिडकीवर उभी होते तेव्हा नोटीस पिरियड चालू होता, दोन मासिक पुरले असते. तोंडातून "तिमाही" असंच निघालं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. पहिला रंग पिवळा. कपाटातून पिवळी साडी काढली आणि हातात धरून उभी राहिले. आज गाडीतला आमचा बायकांचा डबा नुसता पिवळाधमक असेल. आठ वाजता ग्रुपवर फोटो आलाच. चौथ्या सीटवर एक नवीन मुलगी बसलेली दिसली.

चौथी सीट म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला जेमतेम टेकायची जागा. एक पाय बाकाखाली, दुसरा वाटेत, पर्स मांडीवर. सुरुवातीची सहा-सात वर्षं मी त्याच जागेवर होते. विंडो मिळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. पण त्या कडेवर बसूनच मी या बायकांची झाले. "सरका गं जरा," असं कुणीतरी म्हणायचं आणि तिघी न बघता, बोलणं न थांबवता बोटभर सरकायच्या.

साडी नेसले आणि आईंबरोबर घटाला नमस्कार केला. आई म्हणाल्या, "छान दिसतेस गं पिवळ्यात. मला कधी दिसायचीसच नाहीस, घाईघाईत निघायचीस."

५ ऑक्टोबर, शनिवार

आज माझ्या हातून चूक झाली. ती नीट लिहून ठेवते.

सकाळी वेळ होता म्हणून स्वयंपाकघरातले डबे आवरायला घेतले. सगळे पुसले, नावाच्या चिठ्ठ्या लावल्या, उंचीनुसार लावून ठेवले. मला फार बरं वाटत होतं, कित्येक वर्षांनी घराकडे बघितल्यासारखं. दुपारी आई आमटीला फोडणी द्यायला उभ्या राहिल्या. तेल तापलं, मोहरी तडतडली, आणि त्यांचा हात मांडणीवर फिरायला लागला. दुसऱ्या फळीवर डावीकडून तिसरा डबा. तिथे हिंग असायचा. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, ठेवला, पुढचा उघडला. मोहरी जळाली. त्यांनी गॅस बंद केला आणि काही न बोलता खुर्चीवर बसल्या.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही आईंना बारीक अक्षर दिसत नाही. हे घर त्या हाताने ओळखतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला मी तिच्याच स्वयंपाकघरात परकी केलं.

मी म्हटलं, "आई, चुकलं माझं. कुठे काय होतं ते सांगा, परत लावते." त्या म्हणाल्या, "तुझंही घर आहे गं." पण मग एकेक सांगत गेल्या आणि मी लावत गेले. दोन तास लागले. साखरेशेजारी रवा का, तर दोन्ही शिऱ्याला लागतात. मेथीदाणे खाली का, तर ते फक्त लोणच्याला आणि बाळंतिणीला.

सकाळी साडेनऊला दूध तापवून झालं की रेडिओवर आईंची अस्मिता वाहिनी लागते, साडेदहाला भाजीवाल्याची हाक येते, चार वाजता इमारतीखालच्या बाकावर तिघी जमतात. या घराला दुपार आहे, आणि ती अठ्ठावीस वर्षं माझ्याशिवाय चालत आलीये. इथे मी नवीन आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

कागदपत्रांचा दिवस. ग्रॅच्युइटीचा अर्ज मागेच दिला आहे. शेवटचा मूळ पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. २० लाखांपर्यंत कर नाही आणि कायद्याने तीस दिवसांत मिळायला हवी. पेन्शनची रक्कम काढून घेता येत नाही, कारण नोकरी दहा वर्षांच्या वर गेली. अठ्ठावन्नला सुरू करायची. आत्ताही घेता येते, पण अठ्ठावन्नाला जितकी वर्षं कमी तितके चार-चार टक्के कापले जातात. सहा वर्षं कमी आहेत. थांबणार.

एक गोष्ट मात्र वेळेत केली. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपतो. जुने आजार त्यात पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, स्वतःच्या पॉलिसीत मात्र त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. म्हणून आमच्या दोघांची पॉलिसी २०२१ मध्येच काढून ठेवली होती. नोकरी सोडायचं मनात घोळत असेल, तर कुणीही सगळ्यात आधी हेच करावं. आईंसाठी मात्र त्या वयात परवडेल अशी पॉलिसी मिळाली नाही. त्यांच्या नावाने वेगळी ठेव ठेवली आहे. ती पुरेल का, याची काळजी रात्री लागते.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज गेले. उद्या दसरा, शनिवार, म्हणून गाडीची पूजा आजच. "तुझ्याशिवाय नाही," असं काल तिघींनी वेगवेगळे फोन करून सांगितलं. जांभळी साडी, पर्समध्ये पास, सात त्रेपन्नची लोकल.

डब्याला झेंडूची तोरणं, दांड्यांना आंब्याचे टाळे, दाराशी जाता-येता पायाखाली येऊनही टिकलेली रांगोळी. देवीचा फोटो खिडकीच्या जाळीला बांधला होता. डोंबिवली सुटताच आरती सुरू झाली आणि दिव्याला गाडी थांबली तेव्हा फलाटावरच्या बायकाही टाळ्या वाजवत होत्या. पेढे वाटले. मोटरमनसाठी हार आणि नारळ आधीच पोचवला होता.

नवीन मुलगी मला बघून उठायला लागली. मी तिचा हात धरून खाली बसवलं. मग कुणीतरी नेहमीच्या आवाजात "सरका गं" म्हणालं. चौघींच्या बाकावर पाचवी मावत नाही, पण मी मावले. कुर्ल्यापर्यंत माझ्या खांद्याला तिचा खांदा होता. बँकेत लागलीये, जुलैपासून. रोज रडू येतं म्हणाली. मी म्हटलं, पहिला पावसाळा जाऊ दे.

व्हीटीला सगळ्या उतरल्या आणि चालू लागल्या, मागे वळून हात करत. मला कुठेच जायचं नव्हतं. तशीच बसून राहिले. तीच गाडी परत निघाली. डबा रिकामा, खाली फुलांच्या पाकळ्या, आणि मी. तेव्हा रडले. मला ऑफिसची आठवण येत नाही. दहा दिवसांत एकदाही आली नाही. आठवण येते ती या बाकाची.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आईंना दादरला नेलं. त्यांचं माहेर हिंदू कॉलनीतलं; सहा-सात वर्षांत तिकडे गेल्या नव्हत्या. अकराच्या पुढे गाडीला गर्दी कमी असते. त्यांचं तिकीट काढलं, मला पास होताच. त्यांना खिडकी दिली.

पाचवी-सहावी मार्गिका झाल्यापासून, म्हणजे फेब्रुवारी २०२२ पासून, जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात नाहीत, मुंब्र्याकडून जातात. आई बोगद्याची वाट बघत होत्या. बोगदा आला नाही, खाडी आली. ओहोटी होती, चिखलात बगळे उभे होते. "रोज बघायचीस ना हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही आई, खिडकी मिळायची तेव्हाही डोळा लागलेला असायचा. संध्याकाळी येताना तर मांडीवर मेथी असायची, निवडायला. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्याच जणी निवडत यायच्या. घरी पोचेपर्यंत भाजी तयार.

"म्हणून तुझ्या मेथीत कधी काडी यायची नाही," आई म्हणाल्या. "मला वाटायचं, तू विकतच निवडलेली आणतेस."

त्यांच्या जुन्या इमारतीसमोर दहा मिनिटं उभ्या राहिलो. त्या आत गेल्या नाहीत. फुलबाजारातून शेवंती घेतली.

१७ नोव्हेंबर, रविवार

पास आज संपला. प्लास्टिकच्या कव्हरातून काढून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. आईंनी बघितलं, काही विचारलं नाही.

उद्या पाच दहाला जाग येईलच. मेथीच्या दोन जुड्या आणून ठेवल्यात. रेडिओ लागला की निवडायला बसू, असं आई म्हणाल्या आहेत.