कपाळावरची नागीण, उजव्या अंगाचा लकवा

मे महिना. नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात अडत चालवणारे साठीतले काका सकाळी उठले ते उजवा हात-पाय लुळा पडूनच. रात्री दहानंतर त्यांना धड कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे गुठळी विरघळवण्याचे साडेचार तास टळलेले. साखर १२६, ईसीजीत ठोके नियमित, मानेच्या रक्तवाहिन्या स्वच्छ. म्हणजे लकव्याची नेहमीची कारणं दिसत नव्हती.

कपाळाच्या डाव्या बाजूला मात्र फिकट खळगे दिसत होते. पट्टीने आखल्यासारखे बरोबर मधोमध थांबलेले, एक नाकाच्या शेंड्यावर. "यांना नागीण झाली होती का?" मुलगा म्हणाला, "झाली होती न डॉक्टरसाहेब, सव्वा महिना झाला. गेरू लावला, मंतरून आणलं, वाळून गेली."

कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं दडून असतो, तोच पुन्हा उठला की नागीण होते. कपाळाच्या ट्रायजेमिनल नसेचे धागे मेंदूच्या धमन्यांवरही जातात. त्याच वाटेने तो धमनीच्या भिंतीत शिरतो, भिंत सुजते, पोकळी आवळत जाते. मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते, म्हणून नागीण डावीकडे आणि लकवा उजवीकडे, तोही कित्येक आठवड्यांनी. एमआरआय अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या एमआरआयमध्ये) मेंदूची डावी मधली धमनी चिंचोळी झालेली होतीच.

पाठीच्या मणक्यातून मेंदूभोवतालचं पाणी तपासायला काढलं. गफलत होते ती इथेच. नुसती पीसीआर (विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी) पाठवतात आणि निगेटिव्ह आली की विषय संपतो. या आजारात ती बऱ्याचदा निगेटिव्हच येते. पाण्यातली या विषाणूविरुद्धची आयजीजी अँटिबॉडी जास्त भरवशाची, आणि तुलनेला त्याच दिवशीचं रक्तही हवं. पाण्यात पेशी वाढलेल्या नसल्या तरी आजार नाही असं समजू नये.

रिपोर्टची वाट न पाहता असायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध शिरेतून लावलं. किलोमागे १० मिग्रॅ, म्हणजे ६० किलोंच्या काकांना ६०० मिग्रॅ, १०० मिली सलाइनमधून, दर आठ तासांनी, १४ दिवस. प्रत्येक डोस किमान तासभर चालला पाहिजे. भरभर सोडलं तर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पेशंट आधीच सुकून आलेला असतो. म्हणून आधी सलाइन, मग औषध, लघवीचं माप आणि एक दिवसाआड क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी. सुई शिरेबाहेर सरकली तर कातडी जळते, सिस्टरांनी हात सारखा बघत राहावा. जोडीला ॲस्पिरिन, आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ६० मिग्रॅ, पाचच दिवस.

अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली.

नागिणीचे फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत व्हॅलासायक्लोविर (त्याच जातीची गोळी) १ ग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस द्यायचं असतं. किडनी कमजोर असेल तर डोस कमी. गेरूच्या लेपाखाली नेमके हेच तास जातात. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा.