पौर्णिमेला नको, सप्तमीला निघा

दोघांनीच चार दिवस कोकणात समुद्रावर जायचं म्हटलं की सल्ला ठरलेला: पौर्णिमा गाठा, चांदणं बघा. आम्ही मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागरला जाताना कॅलेंडरात शुद्ध सप्तमी शोधली. त्यामागे कोळ्यांचा साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला एवढं पुरतं.

आता पौर्णिमा बघा. भरती सव्वाअकराला, म्हणजे सुकती (ओहोटी) संध्याकाळी साडेपाचला. ज्या वेळी पाण्यात उतरायचं त्याच वेळी समुद्र लांब गेलेला. शिवाय उधाण असल्यामुळे पाण्याला ओढही जास्त. सप्तमी-अष्टमी-नवमीला उलट: भांगाचे दिवस, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही आणि संध्याकाळी भरतं. चांदणंही अगदीच हुकत नाही. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र सूर्य मावळताना डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीपर्यंत टिकतो.

पहिला अडथळा मुंबईतच. रस्त्याने अलिबाग सुमारे शंभर किलोमीटर आणि वाटेत वडखळची कोंडी. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रोरो बरी. २०२० पासून ती सुरू आहे आणि तासाभरात गाडीसकट पलीकडे उतरवते. गाडीची जागा आधी आरक्षित करावी लागते. शनिवार सकाळची फेरी लवकर भरते, म्हणून शुक्रवारी निघता आलं तर उत्तम.

पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. इथे मोबाइलच्या नकाशाला सांभाळा. मुरूड दोन आहेत, एक जंजिऱ्याजवळचं रायगडातलं आणि दुसरं दापोली तालुक्यातलं, कर्द्याच्या शेजारचं. मुक्काम शोधताना तालुका बघूनच पैसे भरा.

मुरूडहून आगरदांड्याला आलात की खरी कोकणी जंगलजेटी, म्हणजे गाडीसकट खाडी ओलांडून देणारी बोट, सुरू होते. या वाटेवर तीन खाड्या अशा ओलांडायच्या: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे. जेटीवर गाडी चढवायची भीती बहुतेकांना वाटते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. पाणी खूप उतरलेलं असलं की बोट खाली बसते, फळी तिरकी होते आणि बुटक्या गाडीचं पोट किंवा पुढचा बंपर घासतो. उधाणाच्या सुकतीला हे जास्त, भांगाला कमी. तिथी बघायचं हे दुसरं कारण. चढताना पहिला गिअर, क्लच अर्धवट दाबून रेंगाळायचं नाही, कारण उतारावरचा काँक्रीट शेवाळाने बुळबुळीत असतो आणि मध्येच थांबलेली गाडी मागे घसरते. सोबतच्या माणसाने आधीच खाली उतरून चालत बोटीवर जावं. गाडी तेवढी हलकी होते आणि फळीची कड कुणीतरी बघतं. बोटीला एकाच बाजूने तोंड असेल तर रिव्हर्सने चढावं लागतं. तेव्हा आरशात बघण्यापेक्षा बोटीवरच्या पोराच्या हाताकडे बघा, तो दिवसभर हेच करतो. जागेवर आलात की इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर. तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा. जेटीवर रेंज गेली की फोनवरून पैसे देणं अडतं.

शेवटच्या बोटीच्या भरवशावर मात्र बेत आखू नका. गर्दी असली की रांगेतली गाडी मागे राहते आणि मग वळसा घ्यावा लागतो. बागमांडल्याला बोट चुकली तर म्हसळा, आंबेत-म्हाप्रळचा पूल, मंडणगड असं फिरायचं. दाभोळला चुकली तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, शंभर किलोमीटरच्या वर. बोटीने हेच पाण्यातलं अंतर पंधरा-वीस मिनिटांचं. सागरी महामार्गाचे पूल पूर्ण झाले की ही रांग जाईल. जेटीवरचा चहाही जाईल, आणि त्याचं मला थोडं वाईट वाटणार आहे.

पहिला मुक्काम दिवेआगर. सप्तमीची भरती सव्वापाचची, म्हणजे चारला पाण्यात उतरलं की पाणी आपल्याकडे येत असतं. सुकती लागली की गुडघ्यापुढे जाऊ नये, मग कितीही पोहता येत असो. मोदक हवे असतील तर खोली आरक्षित करतानाच सांगावं. उकड आयत्या वेळी निघत नाही. जेवणाचंही तेच. घरगुती मुक्कामात दोन ताटं माणसं मोजून शिजतात, दुपारी बारापर्यंत संध्याकाळचं मासळी की शाकाहारी ते कळवायचं. दोघांचीही मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा.

अष्टमीला सकाळी भरडखोल, शेखाडी, कोंडविल या समुद्रालगतच्या रस्त्याने श्रीवर्धन आणि पुढे हरिहरेश्वर. साऱ्या वाटेत मला हा तुकडा सर्वांत आवडतो, तेव्हा घाई करू नका, पण हरिहरेश्वरला अकरा ते साडेबाराच्या दरम्यान पोचा. तिथली प्रदक्षिणेची वाट खडकांवरून जाते आणि ती सुकतीलाच करायची. भरतीच्या लाटेने तिथे माणसं ओढली गेली आहेत. अष्टमीची सुकती बरोबर बाराला.

मग बागमांडला, वेश्वी, आणि मुक्काम आंजर्ले. वेळ साधली तर हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघता येतो, पण जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा लिलाव नाही आणि ताटातला मासाही बर्फातला. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आलात तर वेळास आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना दिसू शकतात. ‘शकतात’ म्हणजे खरंच शकतात, एवढंच. अंडी उबायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, पिल्लं कधी वर येतील हे घरटंच ठरवतं.

नवमीला कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घेऊन दापोलीमार्गे दाभोळ. दाभोळ-धोपावे ही या बोटींमधली जुनी, २००३ पासूनची. पलीकडे उतरलं की तासाभराच्या आत गुहागर. नवमीची भरती पावणेसातला, सूर्य बुडता बुडता पाणी पायाशी. परतीला चिपळूण. पुणेकरांनी कुंभार्ली घाट धरावा, मुंबईकरांनी महामार्गाने कशेडीचा बोगदा. घरी गेल्यावर गाडी खालून धुऊन घ्या, मीठ पत्रा खातं.

या तिथींना एकच गोष्ट हुकते, गुहागर तालुक्यातल्या हेदवीची बामणघळ. खडकातल्या त्या चिरेत पाणी घुसून उंच उडतं ते उधाणाच्या भरतीला. भांगाला नुसतं गुरगुरतं. ती बघायची तर अमावास्या किंवा पौर्णिमा, सकाळी साडेअकराच्या सुमारास, आणि चिरेच्या कडेपासून चांगलं दूर उभं राहून, कारण ओल्या खडकावर पाय टिकत नाही.