दुखायच्या आधीची गोळी

मंगळवार, रात्री

आजच्या घरभेटीत पाहिलं, येळ्ळूरच्या आजोबांच्या सुनेनं मॉर्फिनच्या, म्हणजे जबर वेदनेवरच्या, गोळ्या आजही शिल्लक ठेवलेल्या. "लईच कळ आली की देते सिस्टर. सवय लागली म्हणजे?" तोंडाचा कॅन्सर, सगळा जन्म तंबाखूबरोबर गेलेला. तंबाखूच्या निपाणीपासून इथं बेळगावापर्यंत अशी घरं काही कमी नाहीत.

परत समजावलं. ही गोळी कळ आल्यावर नाही, यायच्या आधी द्यायची. दर चार तासांनी, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे दोनला उठवायला नको. दुखण्यासाठी नेमानं घेणाऱ्याला व्यसन लागणं क्वचितच. बद्धकोष्ठता मात्र ठरलेली, म्हणून पोट साफ व्हायची गोळी पहिल्या दिवसापासून. शौचाचा विषय निघाला की सून पदर तोंडाला लावते, आणि आजोबा खरे वैतागलेले असतात त्याच्यावरच. अंमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, मॉर्फिनच्या परवान्यांचा जाच कमी झाला. घरातली भीती आहे तिथंच.

जखम गालातून बाहेर फुटलीय. वासामुळं पाव्हणे उंबऱ्यावरूनच परत जातात. जखम धुऊन मेट्रोनिडॅझोलची, म्हणजे वास करणाऱ्या जंतूंवरची, गोळी कुटून वर भुरभुरली. वास उतरला की माणसं पुन्हा जवळ बसायला लागतात. मला विचाराल तर आमच्या पिशवीतली सगळ्यात गुणी वस्तू हीच, वर स्वस्त.

पुढच्या घरी, मच्छे गावात, मुलानं फाटकातच गाठलं. "आईला काही सांगू नका हं." मागच्या खेपेला आईनंच मला विचारलं होतं, "दिवाळी बघीन काय गं मी?" त्याला म्हटलं, मी होऊन विषय काढणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तो गप्प झाला, मग पेजेची वाटी घेऊन आत. दोन चमचे गेले, ठसका लागला. आता शरीरच अन्न मागत नाही, हे सांगणं मला मॉर्फिनपेक्षा जड जातं. न भरवणं म्हणजे आईला उपाशी मारणं, असंच वाटतं लेकरांना. ओठ ओले ठेवा, तोंड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसा, म्हटलं.

"मग मी करू तरी काय?"

दर दोन तासांनी कूस बदलायचं काम त्याच्याकडं दिलं. गुडघ्यांच्या मधे उशी कशी ठेवायची ते दाखवत होते, तर आई म्हणाली, "तिकडं नको रे, टीव्ही दिसत नाही."

त्यानं टीव्हीच हलवला.