दोन डिग्रीचा बाक

भोसरीच्या एमआयडीसीत ३६ वर्षं फिटर म्हणून काढली. त्यामुळे गुडघा बदलायच्या ऑपरेशनबद्दल बोलताना डॉक्टर 'अलाइनमेंट', म्हणजे भाग एका रेषेत बसवणं, म्हणाले तेव्हा वाटलं, हे तर आपल्याच घरातलं. शाफ्टला डायल लावायचा, सुई हलली की शिम, म्हणजे पातळ पत्री, सरकवायची. गुडघाही असाच बसवत असतील. बराचसा असाच बसवतात. जिथे नाही, तिथे मात्र मी पुरता फसलो.

डावा गुडघा आतल्या बाजूने झिजून पाय कंसासारखा झाला होता. तेल, पट्टा, गोळ्या, इंजेक्शनं यांचं पुराण लावत नाही. चार वर्षं गेली एवढंच.

ऑपरेशनआधी उभं राहून एक्स-रे काढला, खुब्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय एकाच फोटोत. तो पुन्हा काढावा लागला. मी सवयीप्रमाणे पावलं फाकवून उभा होतो. टेक्निशियन पोरगा म्हणाला, "काका, पावलांचं सोडा, गुडघ्याच्या वाट्या समोर ठेवा." पाय जरासा वळला तरी कोन खोटा दिसतो म्हणे. मापाची बाजूच चुकली तर पुढचं सगळं चुकणार, हे मला कोण सांगायला हवं होतं? पोराला मनातल्या मनात शाबासकी दिली.

डॉक्टरांनी स्क्रीनवर खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली. सरळ पायात ती गुडघ्याच्या साधारण मधून जाते. माझी पार आतल्या कडेबाहेर पडत होती. बाक ९ डिग्री.

"म्हणजे मांडीचं हाड काटकोनात कापायचं," मी म्हणालो.

"कशाशी काटकोनात?" डॉक्टर हसले. मांडीचं हाड त्या रेघेवर नसतंच, तिरकं उतरतं. जिगचा, म्हणजे काप मापात घ्यायच्या साच्याचा, रॉड हाडाच्या पोकळीत जातो आणि रेघ जाते खुब्याच्या गोळ्यातून. दोन्हींत साधारण ५ ते ७ डिग्रीचा फरक. तेवढा कोन जिगवर लावायचा, मग काप रेघेला काटकोनात येतो. माझा फरक ६ निघाला. लेथवर टेपर, म्हणजे निमुळता भाग, काढताना हत्याराची कंपाउंड स्लाइड कोनात फिरवतो तसंच हे, लगेच पटलं.

पण ही झाली समोरून दिसणारी दिशा. नडगीच्या कापाला मागच्या बाजूला थोडा उतार ठेवावा लागतो, तो बाजूने बघायचा. आणि तिसरी दिशा फिरकीची. एक्स-रेत ती नीट दिसत नाही आणि तीच जास्त छळते. मांडीच्या हाडाचा नवा भाग त्या हाडाच्या खालच्या टोकाला मागे असलेल्या दोन गोळ्यांच्या रेघेपेक्षा साधारण ३ डिग्री बाहेर फिरवून बसवतात. तो आत फिरला तर वाटी तिच्या खोबणीतून बाहेर सरकू बघते. आमच्या ओळखीत एकाचा गुडघा फोटोत ओळंब्यासारखा सरळ आहे, पण जिना उतरताना वाटी दुखते. त्याचं नेमकं काय चुकलं ते मी कोण सांगणार? पण डॉक्टरांनी फिरकी समजावली तेव्हा आधी तोच आठवला.

रोबो वापरायचा का, असं विचारलं होतं. खर्च वाढणार होता. शिवाय सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, ड्रॉइंगबरहुकूम चालते, ड्रॉइंग चुकलं तर चुकलेला जॉब झकास काढून देते. कोन ठरवणारा माणूस मला भरवशाचा वाटला, म्हणून साधी जिगच घेतली. इम्प्लांट नेहमीचं कोबाल्ट-क्रोमचं. २०१७ मध्ये सरकारने त्याची किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांवर बांधली, तेव्हापासून आमच्यासारख्यांना विचार तरी करता येतो.

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर केलं. झोपेचं औषधही दिलं होतं, पण कान जागे. पडद्यापलीकडे करवत, मग हातोडा. आपल्याच हाडावर हातोडा पडतोय आणि आपल्याला तो फक्त ऐकू येतोय, हे विचित्र वाटतं. पण त्याहून विचित्र म्हणजे मला शॉपमध्ये असल्यासारखं बरं वाटत होतं. जिगला पिना ठोकल्याचा आवाज मी ओळखला.

मग तात्पुरते भाग बसवून पाहणं सुरू झालं. मधली प्लॅस्टिकची गादी वेगवेगळ्या जाडीची येते. "नऊ द्या." पाय वाकवला, सरळ केला. "वाकवताना बरोबर आहे, सरळ करताना घट्ट." मी पडल्या पडल्या म्हणालो, "मग गादी पातळ करा की!" आत सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, "काका, गादी पातळ केली तर वाकवताना सैल होईल. मांडीच्या हाडाचं टोक दोन एमएम अजून घेतो." म्हणजे फट दोन ठिकाणी, वाकलेल्या पायात आणि सरळ पायात. दोन्ही सारख्या हव्यात आणि आत-बाहेरही सारख्या. बाक जुना असल्याने आतल्या बाजूचा पडदा, म्हणजे हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, आखडला होता, तोही थोडा सोडवला. लोखंडाला लिगामेंट नसतं, हे मी ३६ वर्षांत कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चाललो. पाय लांब झाल्यासारखा आणि बाहेर फेकल्यासारखा वाटे. वाकड्याची सवय झालेल्याला सरळ तिरकं वाटतं. व्यायामाचे पहिले पंधरा दिवस वाईट, त्याबद्दल कोणी गोड बोललं तर ऐकू नका.

सहाव्या आठवड्यात मी मूर्खपणा केला. ट्रंकेतून ओळंबा काढला, आरशासमोर उभा राहिलो आणि हिला दोरा खुब्यावर धरायला लावला. दोरा गुडघ्याच्या मध्याच्या किंचित आत पडला. तडक डॉक्टरांकडे. नवा एक्स-रे आधीच तयार होता: बाक २ डिग्री.

"ठेवलाय," ते म्हणाले. तुमचा हा पाय झिजायच्या आधीही सरळ नसणार. बेल्जियममध्ये धडधाकट तरुणांचे पाय मोजले, २०१२ मध्ये ते छापून आलं. ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के बायकांचे पाय मूळच्या घडणीनेच ३ डिग्री किंवा जास्त वाकलेले निघाले. अशांना शून्यावर आणायचं तर आतल्या बाजूचे पडदे जास्त कापावे लागतात. काही डॉक्टर अजूनही शून्यच धरतात, काही मूळच्या घडणीच्या जवळ जातात. यावर त्यांच्यात वाद चालूच आहे. आमचे मधले. तीन डिग्रीच्या आत राहायचं, आणि त्या आत पडद्यांचं ऐकायचं.

मला ते पटलं आणि नाहीही. दोन डिग्री म्हणजे माझ्या शॉपमध्ये रिजेक्ट. पण कालच बाजारातून पिशवी घेऊन चालत आलो, मध्ये कुठे टेकलो नाही.

उजवा दिवाळीनंतर करायचाय. हिने ओळंबा लपवून ठेवलाय.