युजीनमधली ढलप्यांची वाट

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पोर्टलंडहून युजीनला जाणारी बस विलमेट नदीच्या खोऱ्यातून सरळ दक्षिणेकडे धावते. पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, दोन्ही बाजूंना सपाट शेतं. पण इथलं मुख्य पीक धान्य नाही, गवताचं बी. ठिकठिकाणच्या मैदानांवरची हिरवळ या खोऱ्यातल्या बियाण्यातून उगवते. ऑक्टोबर सुरू होता, भुरभुर पाऊस पडत होता, डोंगरांवर डग्लस फरची काळपट हिरवी रांग. बहिणीच्या घरची सगळी मंडळी समुद्राकडे गेली होती. मी मात्र हट्टाने एकटी युजीनला निघाले होते, कारण सेरेब्रल पाल्सी असलेला धावपटू जस्टिन गॅलेगोस त्या गावात धावला होता.

मी पुण्यात फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं सेरेब्रल पाल्सीची, आमच्या बोलण्यात ‘सीपीची’. जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही, पण स्नायूंना मिळणारे हुकूम कायमचे बिघडलेले राहतात. पोटऱ्या आणि मांड्यांचे मागचे स्नायू ताठरतात, गुडघे एकमेकांवर घासतात, टाच जमिनीला टेकत नाही. चार पावलं चालायलाही इतरांपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. गॅलेगोस लहानपणी वॉकर धरून चालायचा, पायाला आधाराच्या पट्ट्या असायच्या. कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लॅरिटाच्या हायस्कूलमध्ये तो क्रॉस कंट्री धावू लागला आणि पुढे शिकायला युनिव्हर्सिटी ऑफ ओरेगनमध्ये, म्हणजे युजीनला आला.

युनिव्हर्सिटीच्या आवारातून बाहेर पडलं की पायी जायचा पूल नदी ओलांडून आल्टन बेकर पार्कात नेतो. तिथेच प्रीज ट्रेल आहे. स्टीव्ह प्रीफाँटेन हा इथला लाडका धावपटू. त्याने युरोपात धावपटूंसाठी केलेल्या मऊ वाटा पाहिल्या होत्या आणि आपल्या गावातही तशी वाट हवी म्हणून तो मागे लागला होता. १९७५ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो मोटार अपघातात गेला. त्यानंतर ही वाट झाली आणि तिला त्याचं नाव मिळालं.

मी बूट काढून त्या वाटेवर उभी राहिले. वाट लाकडाच्या ढलप्यांची आहे, पावसाने काळी पडलेली, ओल्या लाकडाचा वास असलेली. पाय थोडा आत जातो आणि मग खालून कोणीतरी उचलून द्यावा तसा वर येतो. चढ जवळजवळ नाहीत, वळणं मोठी आणि सावकाश. ज्याचा पंजा प्रत्येक पावलाला जमिनीवर घासतो, जो कधीही तोल जाऊन पडू शकतो, त्याच्यासाठी अशी जमीन म्हणजे अर्धं औषध. हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगते. माझ्यासमोरून एक आजोबा अगदी मंद धावत गेले, मागून कॉलेजच्या मुलींचा घोळका आला. कोणी कोणाला अडवत नव्हतं, कोणी वळून बघत नव्हतं.

गॅलेगोस युनिव्हर्सिटीच्या नावाजलेल्या संघात नव्हता. तो तिथल्या रनिंग क्लबात होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. निवड झालेल्यांचा संघ कुठेही असतो. पण ज्याला धावायचंय त्याला आपल्यात घेणारा क्लब त्याच गावात असणं, ही वेगळी श्रीमंती आहे. ६ ऑक्टोबर २०१८ ला, जागतिक सेरेब्रल पाल्सी दिनी, या क्लबाच्या सोबत्यांच्या गराड्यात त्याला नायकीने करार देऊ केला. सीपी असलेला धावपटू व्यावसायिक म्हणून त्यांनी पहिल्यांदाच करारबद्ध केला होता. त्या क्षणाच्या चित्रफितीत तो गुडघ्यांवर कोसळून रडतो. माझ्याकडच्या पालकांना मी ती दाखवते, पण लगेच त्याचे आकडेही सांगते. कारण रडणं सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि घड्याळ कोणी बघत नाही.

त्याचं स्वतःचं लक्ष मात्र घड्याळावर होतं. त्या वर्षी त्याने अर्ध मॅरेथॉन २ तास ३ मिनिटं ४९ सेकंदांत धावली होती आणि त्याला दोन तासांच्या आत यायचं होतं. जो नियमित धावतो त्याला कळेल, हे लक्ष्य धडधाकट हौशी धावपटूलाही घाम फोडणारं आहे. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर २०१९ ला, त्याने शिकागो मॅरेथॉन ५ तास ५३ मिनिटं ३४ सेकंदांत पुरी केली. त्याच दिवशी त्याच रस्त्यांवर केनियाच्या ब्रिजिड कॉसगेईने २:१४:०४ असा महिलांचा विश्वविक्रम केला. पण तिच्यानंतर आणखी साडेतीन तासांहून जास्त वेळ, आखडलेल्या स्नायूंनिशी तोल सावरत तो धावतच राहिला. मला दोन्ही आकडे एकाच पानावर छापलेले बघायला आवडतील.

बुटांचंही सांगायलाच हवं. ताठर पायात आणि आधाराच्या पट्टीवर नेहमीचा बूट चढवणं हे आईवडिलांचं रोजचं युद्ध असतं. २०१२ मध्ये सीपी असलेल्या मॅथ्यू वॉल्झर या सोळा वर्षांच्या मुलाने नायकीला पत्र लिहिलं, की कॉलेजला गेल्यावर बुटांचे बंद दुसऱ्याकडून बांधून घ्यायची वेळ येऊ नये असं त्याला वाटतं. त्यातून झिपने टाचेपर्यंत उघडणारा ‘फ्लायईझ’ बूट २०१५ मध्ये बाजारात आला. धावण्यासाठीचा फ्लायईझ तयार होताना तो पायात घालून बघून सूचना देणाऱ्यांत हायस्कूलमधला गॅलेगोस होता.

दुपारी हेवर्ड फील्डवर गेले. हे स्टेडियम २०२० मध्ये नव्याने बांधलं. त्याच्या उंच मनोऱ्यावर पाच जणांची चित्रं आहेत, त्यांत प्रीफाँटेन आहे, प्रशिक्षक बिल बॉवरमन आहेत. २०२२ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत याच ट्रॅकवर बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावला, अकरावा आला. कठड्याला टेकून मी पाण्याचा अडथळा कुठे असेल ते शोधत राहिले, आणि आपला मुलगा इथे धावलाय या विचाराने ऊर भरून आला.

मग पॅरालिम्पिकचा विचार आला आणि मन खट्टू झालं. सीपी असलेल्या धावपटूंसाठी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सगळ्यात लांबची शर्यत होती १५०० मीटर, तीही सौम्य लक्षणं असलेल्या टी३८ गटातल्या पुरुषांना. आपल्या प्रीती पालने तिथे १०० आणि २०० मीटरमध्ये दोन कांस्यपदकं मिळवली. तिच्या टी३५ या जास्त तीव्र लक्षणांच्या गटात महिलांना त्याहून लांब धावायची सोयच नव्हती. लांब पल्ल्याचं धावणं या शरीरांना झेपणार नाही, असं गृहीत धरलेलं दिसतं. शिकागोचा निकाल समोर असताना हे गृहीतक आता तपासायला हवं.

पुण्यात परतल्यापासून मी जागा शोधते आहे. टेकड्यांवर माती मऊ आहे, पण चढ आणि मुळं आहेत. बागांमधल्या फरशा पावसात निसरड्या होतात. सपाट, मऊ आणि सकाळी सगळ्यांना खुलं असेल असं एक किलोमीटरभर मैदान, जिथपर्यंत वॉकरसकट रिक्षाने जाता येईल, कोणाच्या माहितीत असेल तर जरूर कळवा. चार मुलं धावायला तयार आहेत.